कॅराव्हॅनसोबत जनरेटर नेताना

• जागा : गाडीपासून किमान 20 फूट लांब, धुराचं तोंड पलीकडे. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास; गाडीत बॅटरीवरचा अलार्म हवाच.

• भार : इंजिन स्थिरावल्यावरच एसी लावा. कॉम्प्रेसर सुरू होताना एरवीच्या दुपटीहून जास्त वीज ओढतो.

• उंची : दर 300 मीटरला ताकद सुमारे 3.5 टक्क्यांनी घटते. लेहला (3,500 मीटर) एक तृतीयांशाहून अधिक घट धरा.

• ऑइल : सहसा पहिल्यांदा 20 तासांनी, मग दर 100 तासांनी बदला. पातळी सपाट जागी तपासा.

• पेट्रोल : इंजिन गार झाल्यावरच भरा. महिनाभर वापर नसेल, तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करा. शिळ्या पेट्रोलचा चिकट साका जेटमध्ये बसतो आणि इंजिन दोरी ओढूनही दाद देत नाही.