सुतारखान्यातली वावटळ



उन्हाळ्यात वणीहून मुकुटबनकडे जाताना, कापूस निघून रिकाम्या झालेल्या वावरांत उठलेली वावटळ तुम्ही पाहिली असेल. पऱ्हाटीचा पाला, माती, कागदाचे कपटे गरगरा फिरवीत ती धुरा ओलांडते आणि थोड्याच वेळात विरून जाते. मोकळ्या रानातली ही वावटळ धूळ उडवते. पण तीच वावटळ पत्र्याच्या डब्यात कोंडली, तर ती नेमके उलटे काम करते. हवेतली धूळ वेगळी काढून ती खाली टाकते. या साधनाला ‘सायक्लोन’ म्हणतात. त्याला भारदस्त मराठी नाव देता येईल, पण कारखान्यातले लोक सायक्लोनच म्हणतात, म्हणून आपणही तसेच म्हणू.

मुकुटबनला २०२२ मध्ये मोठा सिमेंट कारखाना सुरू झाला. अशा आधुनिक सिमेंट कारखान्यात जो उंच मनोरा असतो, त्यात एकाखाली एक असे अवाढव्य सायक्लोन बसवलेले असतात. भट्टीतून वर येणाऱ्या तप्त वायूत चुनखडीची भुकटी सोडतात. भुकटी तापते आणि सायक्लोन तिला वायूतून वेगळी करून खालच्या टप्प्यात पाठवतो. तळाशी तापमान ८०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. तिथे कापडाची गाळणी कशी टिकणार? सायक्लोनमध्ये मात्र जळण्यासारखे काही नाही आणि आत हलणारा एकही भाग नाही.

आज आपण त्याच्या धाकट्या भावाची ओळख करून घेऊ. हा सुतारखान्यात उपयोगी पडतो.

पूर्वी सुतार हाताने रंधा मारी, तेव्हा खाली ढलप्या पडत. झाडू मारला की काम झाले. आता विजेची करवत आणि घासण्याचे यंत्र आले. त्यांतून पिठासारखा भुसा उडतो आणि त्यातला सर्वांत बारीक भाग तासन्‌तास हवेत तरंगतो. सुमारे १० मायक्रॉनपेक्षा मोठे कण (१ मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) बहुतेक नाकात आणि घशात अडकतात. ५ मायक्रॉनहून लहान कण थेट फुप्फुसांच्या वायुकोशांपर्यंत पोचू शकतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीची गणना माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली. नाकाच्या पोकळीचा कर्करोग हा त्यातला मुख्य धोका. तेव्हा प्रश्न नुसत्या स्वच्छतेचा नाही.

सायक्लोनची रचना साधी आहे. वर उभा गोल डबा, त्याखाली नसराळ्यासारखा निमुळता भाग आणि त्याच्या तोंडाशी भुसा साठवायचे पिंप. धुळीची हवा डब्यात कडेने, म्हणजे वर्तुळाच्या स्पर्शरेषेच्या दिशेने शिरते. ती भिंतीला लागून गोल गोल फिरत खाली उतरते, तळाशी उलटते आणि मधोमध वर चढून झाकणातल्या नळीतून बाहेर जाते. ही मधली नळी हवा शिरण्याच्या तोंडापेक्षा थोडी खालपर्यंत आत उतरलेली हवी. नाहीतर आलेली हवा फेरी न मारताच जवळच्या वाटेने पळते.

हवा वळते, पण भुशाचा कण तितक्या सहज वळत नाही. जडत्वामुळे तो सरळ जाऊ पाहतो आणि भिंतीवर आदळतो. पुष्कळ विद्यार्थी लिहितात की ‘केंद्रोत्सारी बल त्याला बाहेर फेकते’. भिंतीबाहेर उभे राहून पाहणाऱ्याला असे कोणतेही बल दिसणार नाही. त्याला दिसेल तो फक्त सरळ जाण्याचा हट्ट. असो, हिशोब दोन्ही रीतींनी एकच येतो.

तो हिशोब करूनच पाहू. हवेचा वेग सेकंदाला १५ मीटर आणि डब्याची त्रिज्या १५ सेंटीमीटर धरू. वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागले की २२५ भागिले ०.१५, म्हणजे १५०० येतात. गुरुत्वत्वरण सुमारे १० आहे. म्हणजे कणाला आपले वजन जणू दीडशेपट वाटते! आता सिमेंट कारखान्यातला सायक्लोन घ्या. त्रिज्या ३ मीटर आणि वेग सेकंदाला १८ मीटर धरला, तर त्वरण १०८ येते, म्हणजे गुरुत्वाच्या जेमतेम अकरापट. धाकटा भाऊ थोरल्याहून जोरकस निघाला. म्हणूनच जिथे बारीक धूळ पकडायची असते, तिथे एका मोठ्या सायक्लोनऐवजी अनेक लहान सायक्लोन शेजारी शेजारी लावतात.

आता खरी मेख. पाण्याइतक्या घनतेचा १० मायक्रॉनचा कण स्थिर हवेत सेकंदाला सुमारे ३ मिलीमीटर वेगाने खाली येतो. दीडशेपट ओढ असली, तर तो सेकंदाला ४५ सेंटीमीटर वेगाने भिंतीकडे सरकेल. आत येणारा झोत ५ सेंटीमीटर रुंद असेल, तर आतल्या कडेच्या कणालाही भिंत गाठायला ०.११ सेकंद लागतील. हवा डब्यात पाच फेऱ्या मारते असे धरले, तर तिचा प्रवास ४.७ मीटर होतो. त्याला सुमारे ०.३ सेकंद लागतात. कण वेळेत पोचला!

कण १ मायक्रॉनचा असेल तर? स्टोक्सच्या नियमाप्रमाणे हा वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. व्यास दहावा भाग झाला की वेग शंभरावा भाग होतो. या कणाला भिंतीपर्यंत जायला ११ सेकंद हवेत आणि हाती आहेत ०.३ सेकंद. तो हवेबरोबर नळीतून सरळ बाहेर निघून जातो. आतल्या खळबळीमुळे प्रत्यक्षात आकडे थोडे बदलतील, निष्कर्ष बदलणार नाही. फुप्फुसाला जो कण सर्वांत घातक, नेमका तोच सायक्लोनला सापडत नाही.

मग हे साधन हवे कशाला? मागच्या गाळणीसाठी. कापडाची किंवा कागदाची गाळणी बारीक कण पकडते, पण नुसतीच लावली तर जाड भुशाने तिची छिद्रे लवकर बुजतात आणि ओढ मंदावते. यंत्राचा आवाज चालू राहतो, धूळ मात्र खोलीतच उडत राहते. व्हॅक्यूम क्लीनरची पिशवी बुजते, या वैतागातूनच इंग्लंडच्या जेम्स डायसन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस लाकूड गिरणीवरचा सायक्लोन घरगुती यंत्रात आणायचे ठरवले. त्यासाठी त्यांनी ५,१२७ नमुने केले. सायक्लोन पुढे राहून जाड भुसा काढतो आणि गाळणीला तिचे खरे काम करू देतो. सिमेंट कारखान्यातही सायक्लोनांतून निसटलेली धूळ शेवटी गाळणीच्या पिशव्यांसारख्या दुसऱ्या साधनानेच अडवावी लागते.

कोणी चलाख विद्यार्थी विचारील, ‘सर, कपातला चहा ढवळला की चहापत्ती कडेला न जाता मध्ये गोळा होते. ते कसे?’ छान प्रश्न. तळाशी घर्षणाने चहा मंद फिरतो, पण कडेचा जास्तीचा दाब तसाच असतो. तो तळालगतच्या चहाला पत्तीसकट मध्याकडे ढकलतो. सायक्लोनच्या निमुळत्या भिंतीलगतही असाच मंद थर असतो आणि तो भुशाला खालच्या तोंडाकडे सरकवत नेतो. त्यामुळे लहान सायक्लोन आडवा ठेवला, तरी बऱ्यापैकी चालतो.

माझा पहिला सायक्लोन मी पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराकडून करून घेतला. खाली रंगाचा रिकामा डबा लावला. यंत्र चालू केले, तर डबा रिकामा आणि सगळा भुसा गाळणीत! चूक सापडायला दोन रविवार गेले. डब्याचे झाकण नीट बसत नव्हते. भोवऱ्याच्या मध्यभागी दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. त्यामुळे फटीतून हवा आत येई आणि खाली पडलेला भुसा पुन्हा वर उचलून नेई. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी झाकणाखाली बसवली आणि डबा भरू लागला. तुम्ही केलात तर आधी फटी तपासा. डबा दोन-तृतीयांश भरला की रिकामा करा, कारण भुसा भोवऱ्यापर्यंत पोचला की तोही वर ओढला जातो. डबा रिकामा करताना नाकातोंडाला चांगला मास्क हवा आणि जवळ ठिणगी किंवा विडी नको. लाकडाची बारीक धूळ हवेत पसरली, तर भडका उडतो.

शिक्षकांनी एक प्रयोग जरूर करवून घ्यावा. तोलून घेतलेला भुसा ओढून घ्यावा, मग डब्यातला आणि गाळणीतला भुसा वेगवेगळा तोलावा. बहुतेक सगळे वजन डब्यात भरेल आणि विद्यार्थी टाळ्या वाजवतील. मग त्यांना हिशोब करायला सांगा: १०० मायक्रॉनच्या एका कणाच्या वजनात १ मायक्रॉनचे किती कण बसतील? उत्तर आहे दहा लाख.