अंधारातली फुगडी

या बाळांनो, चटईवर बसा. पाऊस सरलाय, दिवाळी तोंडावर आलीय, आभाळ कसं लख्ख आहे! पश्चिमेकडे जरा वर पाहा, पंख पसरून निघालेला तो ताऱ्यांचा हंस. त्याची मान आणि एक पंख यांच्या मधल्या कोपऱ्यात एक तारा आहे. डोळ्यांना तो दिसायचा नाही. त्याचं नाव व्ही ४०४ सिग्नी.

१९३८ साली तो अचानक उजळला. नवतारा म्हणून त्याची नोंद झाली आणि पुढे तो विसरला गेला. मग मे १९८९मध्ये जपानच्या गिंगा उपग्रहाला हंसाकडून क्ष-किरणांचा लोंढा येताना दिसला. क्ष-किरण आपलं वातावरण अडवतं, म्हणून ते टिपायला उपग्रहच लागतो. पण त्यांच्या जोडीने साधा उजेडही वाढतो. दुर्बिणी तिकडे वळल्या आणि कळलं, अरे, हा तर १९३८चाच पाहुणा! जुन्या फोटोंच्या काचा धुंडाळल्या, तर १९५६ सालीही तो येऊन गेला होता.

तो असा पुन्हा पुन्हा का उजळतो? तिथे एक फुगलेला, नारिंगी तारा आहे. त्याचा वायू शेजारच्या कुणाकडे तरी ओढला जातो. सरळ आत पडत नाही, गोल गोल फिरत त्याची तबकडी होते. वर्षानुवर्षं वायू साठत राहतो. आजीने दूध तापत ठेवलं की बराच वेळ काहीच होत नाही, आणि मग भस्सकन उतू जातं ना, तसं एक दिवस होतं. तबकडी तापते, वायू भराभर आत घसरतो, लाखो अंश तापून क्ष-किरण फेकतो.

हा शेजारी कोण? मला सगळ्यात आवडतं ते हे. मंगळागौरीला ताई आणि काकूने फुगडी घातली होती, आठवतंय? समजा तेव्हा लाइट गेले आणि पांढऱ्या कपड्यांतली ताईच तेवढी दिसतेय. काकू दिसत नाही. तरी ताई केवढ्या वेगाने, केवढ्या गिरकीत फिरतेय, त्यावरून पलीकडचं वजन कळेलच की!

उजेड ओसरून तारा शांत झाला, तेव्हा ला पाल्मा बेटावरच्या विल्यम हर्शेल दुर्बिणीने नेमकं हेच केलं. तारा आपल्याकडे येताना त्याच्या प्रकाशातल्या काळ्या रेघा निळ्याकडे सरकतात, लांब जाताना तांबड्याकडे. या रेघा मोजल्या. तारा साडेसहा दिवसांत एक फेरी घेत होता, सेकंदाला २०० किलोमीटरहून जास्त वेगाने! १९९२ साली हिशेब छापून आला. न दिसणाऱ्याचं वजन कमीत कमी सहा सूर्यांएवढं. इतकं वजन आणि उजेड नाही, म्हणजे ते कृष्णविवरच. पुढच्या मोजणीत ते नऊ सूर्यांच्या आसपास भरलं.

जून २०१५मध्ये दूध पुन्हा उतू गेलं. जगभरच्या दुर्बिणींनी, हौशी लोकांच्यासुद्धा, रात्रंदिवस पाळत ठेवली. क्योटोच्या मारिको किमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्या साध्या उजेडात ठेका सापडला. काही मिनिटांपासून दोन-अडीच तासांपर्यंतच्या लयीत तो मंद होई, पुन्हा चमके. कृष्णविवराच्या उंबरठ्यावरची ही लुकलुक! आणि ती बघायला २० सेंटीमीटरची दुर्बीण पुरते. एवढी दुर्बीण आपल्या गच्चीवरही मावेल. हंसातला हा तारा पुन्हा उजळेल तेव्हा तुम्ही जागे राहा.