खेळाडू कोणाच्या मालकीचा?

बेसबॉल हा खेळ आपल्या मराठी घरांतून फारसा परिचित नाही. अमेरिकेतील जुन्या खेळाडूंपैकी बेब रूथचे नाव तेवढे कानांवरून गेलेले असते. हा रूथ १९१४ साली व्यावसायिक मैदानात उतरला. त्याच्या छत्तीस वर्षे आधी, १८७८ मध्ये, प्रॉव्हिडन्स ग्रेज या संघाकडून अठरा वर्षांचा एक पोरका मुलगा चेंडू फेकू लागला होता. जॉन माँटगोमेरी वॉर्ड हे त्याचे नाव. त्याचा परिचय वाचकांस करून द्यावा असे आम्हांस वाटते ते केवळ त्याच्या खेळासाठी नव्हे.

तथापि आरंभ खेळापासूनच केला पाहिजे. १८७९ साली वॉर्डने ४७ सामने जिंकून दिले आणि प्रॉव्हिडन्सचा संघ विजेता ठरला. पुढल्या वर्षी १७ जून रोजी बफेलोच्या संघाविरुद्ध त्याने ओळीने सत्तावीस फलंदाज बाद केले. एकालाही पहिल्या तळापर्यंत पोहोचू दिले नाही. पाचच दिवस आधी ली रिचमंडने हाच पराक्रम केला होता. त्यानंतर नॅशनल लीगमध्ये तो पुन्हा घडण्यास १९६४ साल उजाडावे लागले! एवढ्यात वॉर्डचा उजवा हात दुखावला. दुसरा कोणी असता तर घरी बसला असता. हा गृहस्थ डाव्या हाताने चेंडू फेकावयास शिकला, काही काळ मैदानाच्या मागच्या भागात उभा राहिला आणि हात बरा झाल्यावर न्यूयॉर्कच्या संघात शॉर्टस्टॉप म्हणून, म्हणजे दुसऱ्या व तिसऱ्या तळांमधील जागेवर, नव्याने नावारूपास आला. गोलंदाज म्हणून शंभराहून अधिक विजय आणि फलंदाज म्हणून दोन हजारांहून अधिक फटके, अशी दुहेरी कमाई त्याच्याखेरीज कोणाच्याही नावावर नाही.

खेळता खेळताच तो कोलंबिया विद्यापीठात कायदा शिकत होता. १८८५ मध्ये त्याने पदवी मिळविली आणि त्याच वर्षी सहकाऱ्यांना जमवून खेळाडूंची संघटना उभारली. तिचे नाव ‘ब्रदरहूड ऑफ प्रोफेशनल बेसबॉल प्लेयर्स’.

संघटनेची गरज का भासली, हे थोडे समजून घ्यावे लागेल. १८७९ पासून संघमालकांनी आपसांत एक करार केला होता. प्रत्येक संघाने आपले पाच खेळाडू राखून ठेवावेत व इतर संघांनी त्यांना घेऊ नये, असे प्रथम ठरले. हळूहळू पाचाचे अधिक झाले आणि अखेर सारा संघच या ‘राखीव’ कलमात आला. कराराची मुदत संपली तरी खेळाडू मोकळा होत नसे. मालकाला मात्र दहा दिवसांची सूचना देऊन त्याला काढून टाकण्याची मुभा होती. शिवाय मालक त्याला दुसऱ्या संघास विकू शके, आणि त्या किमतीतील छदामही खेळाडूच्या हाती पडेलच असे नव्हते. १८८७ साली वॉर्डने ‘लिपिनकॉट्स’ मासिकात लेख लिहून विचारले, की बेसबॉलपटू ही कोणाची जंगम मालमत्ता आहे काय? पळून गेलेल्या गुलामांना पकडून परत पाठविणाऱ्या कायद्याशी त्याने या कलमाची तुलना केली. अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा बावीसच वर्षे झाली होती. ही तुलना आम्हांस अंमळ अतिशयोक्तीची वाटते. चांगला पगार घेणारा खेळाडू आणि मळ्यावर राबणारा गुलाम यांची दुःखे एका तागडीत घालता येणार नाहीत. पण कायद्याचा मुद्दा म्हणून त्याचे म्हणणे खोडून काढणे कठीण होते.

१८८८ च्या हिवाळ्यात अल्बर्ट स्पाल्डिंग याने खेळाडूंचे दोन चमू घेऊन जगप्रवास काढला. ऑस्ट्रेलिया, सिलोनमधील कोलंबो, इजिप्तचे पिरॅमिड, युरोप अशी ही मजल होती. वॉर्डही त्यात होता. तो दूर देशी असताना इकडे मालकांनी खेळाडूंच्या पाच प्रती ठरविल्या. पगार पंधराशे ते अडीच हजार डॉलर, त्याहून अधिक नाही. आणि प्रत ठरविताना मैदानाबाहेरील वर्तनही पाहिले जाणार!

वॉर्ड परतला तो संतापूनच. वाटाघाटी निष्फळ ठरल्या, तेव्हा १८९० मध्ये संघटनेने आठ संघांची स्वतःची ‘प्लेयर्स लीग’ काढली. तीत राखीव कलम नव्हते, कारभारात खेळाडूंना भांडवलदारांच्या बरोबरीने स्थान होते आणि नफ्यातही वाटा होता. नामांकित खेळाडू मोठ्या संख्येने तिकडे गेले. न्यूयॉर्कच्या जुन्या मालकांनी वॉर्डला न्यायालयात खेचले, पण एका बाजूस जन्माचे बंधन आणि दुसऱ्या बाजूस दहा दिवसांचे, असा करार न्यायाधीशांनी अंमलात आणण्याजोगा मानला नाही. नव्या लीगला जुनीपेक्षा प्रेक्षकही अधिक लाभले. मात्र त्या हंगामात पैसे सर्वांचेच बुडाले. स्पाल्डिंग मुरलेला व्यापारी होता. आपली बाजू किती खिळखिळी झाली आहे याचा थांग लागू न देता त्याने नव्या लीगच्या भांडवलदारांना एकेक करून गाठले. ते घाबरले व जुन्या मालकांशी तडजोड करून मोकळे झाले. खेळाडूंची लीग एका हंगामातच बुडाली. तिचा पराभव मैदानात झाला नाही, हिशेबाच्या वह्यांत झाला, असे आमचे मत आहे.

वॉर्ड पुन्हा नॅशनल लीगमध्ये खेळला, १८९४ नंतर निवृत्त झाला, वकिली करू लागला आणि उतारवयात गोल्फमध्ये रमला. मौजेची गोष्ट अशी, की पुढे काही काळ तो बोस्टनच्या संघाचा भागीदार व अध्यक्षही होता. ४ मार्च १९२५ रोजी, पासष्टावा वाढदिवस उलटल्याच्या दुसऱ्या दिवशी, तो वारला. बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात त्याला स्थान मिळाले ते १९६४ साली.

राखीव कलम त्याच्यामागेही टिकले. आज आपल्याकडे क्रिकेटपटूंचे लिलाव घरबसल्या दूरदर्शन संचावर पाहिले जातात. तेथे बोलीची रक्कम निदान खेळाडूचे मानधन ठरते. वॉर्डच्या वारसांना त्यासाठी फार झगडावे लागले. १९६९ मध्ये सेंट लुईसच्या कर्ट फ्लडने, आपल्याला न विचारता फिलाडेल्फियाला धाडण्यात आले म्हणून, आपण कोणाची मालमत्ता नाही असे ठणकावले व १९७० मध्ये दावा लावला; १९७२ साली सर्वोच्च न्यायालयात तो हरला. अखेर डिसेंबर १९७५ मध्ये पीटर साइट्झ या लवादाने दोन गोलंदाजांच्या बाजूने निकाल दिला आणि ते कलम मोडले. फ्लड तोवर खेळातून केव्हाच बाहेर पडला होता.