अरुंद वाटेचा बिनतारी निरोप

२६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीच्या लाटांनी अंदमान-निकोबार बेटांस तडाखा दिला, तेव्हा हैदराबादच्या ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅमॅच्युअर रेडिओ’ या संस्थेचे पथक श्रीमती भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली पोर्ट ब्लेअर येथे होते. दूरध्वनी-व्यवस्था कोलमडली असता या पथकाने बेटांवरील लोकांचे क्षेमकुशल त्यांच्या दूरच्या आप्तांस बिनतारी यंत्राने कळविले.

अशा प्रसंगी एक अडचण हटकून उभी राहते. आकाश अफाट असले, तरी लहरींस मिळणारी वाट अरुंद असते. मनुष्यवाणी स्पष्ट पोहोचविण्यास सुमारे २,५०० हर्ट्‌झ रुंदीचा पट्टा लागतो. त्याच पट्ट्यात दुसरा कोणी बोलू लागला, की दोघांचेही शब्द एकमेकांत मिसळतात. मग थोड्या जागेतून अनेकांचे निरोप जावेत कसे?

इंग्लंडमधील हौशी रेडिओतज्ज्ञ पीटर मार्टिनेझ यांनी १९९८ च्या सुमारास याचे एक सुरेख उत्तर प्रचारात आणले. त्याचे नाव ‘पीएसके-३१’. यात संगणकावर टंकलेला मजकूर ‘एक’ आणि ‘शून्य’ अशा दोनच खुणांत मांडला जातो. ‘एक’ पाठवावयाचा असता लहर तशीच पुढे जाते. ‘शून्य’ पाठवावयाचा असता ती उलटविली जाते, म्हणजे जेथे शिखर यावयाचे तेथे दरी येते. अशा सुमारे ३१ खुणा दर सेकंदास जातात.

मात्र धावती बैलगाडी बोळात एकाएकी वळविली, तर ती दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर आदळते. लहरीचेही तसेच आहे. एकदम उलटविली, तर ती शेजारच्या पट्ट्यांत पसरते. यास्तव उलटण्यापूर्वी तिचा जोर हळूहळू शून्यावर आणतात व नंतर पुन्हा वाढवितात. शिवाय इंग्रजीत वारंवार येणाऱ्या ‘ई’ या अक्षरास दोनच खुणा आणि क्वचित येणाऱ्या चिन्हांस दहापर्यंत, अशी काटकसरही केलेली आहे. मोर्सच्या लिपीतही हेच तत्त्व होते.

परिणामी एका संदेशास सुमारे ६० हर्ट्‌झ रुंदी पुरते. एका वक्त्याच्या जागेत वीस-पंचवीस संदेश सुखाने नांदतात.

याची किंमत वेगात मोजावी लागते. मिनिटास सुमारे ५० शब्दच जातात. लहरीस दोनाऐवजी चार स्थिती दिल्या, तर तेवढ्याच रुंदीत दुप्पट खुणा मावतात. परंतु स्थितींमधील अंतर कमी झाल्याने खरखराटात त्या ओळखणे कठीण होते. तथापि संकटकाळी ‘आम्ही सुखरूप आहोत’ एवढाच निरोप पुष्कळ असतो, आणि तो धाडू इच्छिणारे असंख्य असतात. तेथे वेगाहून प्रत्येकास वाट मिळणे अधिक मोलाचे ठरते.