लाल थर गप्प, काळा गाळ बोलका

तासगावच्या शिवारात एखादी जुनी, न बांधलेली विहीर असेल, तर कुणा मोठ्या माणसाबरोबर जा आणि काठापासून लांब उभं राहून समोरची भिंत बघा. वर काळी माती, खाली मुरूम, मग काळा कातळ. त्या कातळात मध्येच विटकरी पट्टा दिसला, तर नशीबच समजा!

हा कातळ म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहत आलेला लाव्हा. एक लोट आला, थिजला. दुसरा येईपर्यंत बराच काळ गेला. तेवढ्यात ऊनपावसानं वरच्या दगडाची माती झाली, तिच्यातलं लोखंड गंजलं. मग नवा लाव्हा आला आणि ती माती भाजून निघाली. तोच हा पट्टा.

त्या मातीत काय उगवत होतं? सांगू शकतात परागकण, म्हणजे फुलांतली पिवळी भुकटी. सूर्यफुलाचा कण काटेरी. ज्वारीचा गोल, गुळगुळीत, एकच भोक असलेला. (गवताचाही तसाच. ज्वारी गवताच्याच कुळातली ना!) कवच मात्र भलतंच चिवट. प्रयोगशाळेत काच खाणाऱ्या आम्लात दगड विरघळवतात, तरी पराग शाबूत!

पण लाल पट्ट्यात शोधायला गेलात, तर बहुधा हात हलवत परत याल. आम्लाला न भिणारं हे कवच हवेपुढे हरतं. ज्या हवेनं लोखंड गंजवलं, तिनंच परागही संपवले. ते टिकतात साचलेल्या पाण्याच्या तळाशी, जिथल्या चिखलात हवा पोचत नाही. म्हणून आधी थराचा रंग बघायचा: लाल असेल तर उघडी जमीन, काळपट असेल तर बहुधा पाणथळ.

मुंबईत वरळीला लाव्हाच्या थरांमध्ये असाच गाळ दबला होता. त्यात चक्क बेडकांचे सांगाडे सापडले! बेडूक म्हणजे गोडं पाणी. तिथं तेव्हा समुद्र नव्हता, तळं होतं.

साताऱ्याजवळच्या कास पठारावरचा गाळ त्या मानानं अगदी कालचा. तिथल्या एका हंगामी तळ्याचा गाळ पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तपासला. त्यातले पराग आणि डायटम नावाची सूक्ष्म शेवाळं यांवरून आठ हजारांहून जास्त वर्षांचा पावसाचा हिशेब लागला. सुमारे 2800 वर्षांपूर्वी पाऊस कमी झाला होता. अगदी वरच्या थरांत घाण पाण्यातही तग धरणारे डायटम वाढलेले दिसतात. तेव्हा माणसं तिथं गुरं चारू लागली असावीत, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.