काडोल्त्सबुर्ग : एक बाजारगाव आणि त्याचा मध्ययुगीन किल्ला

प्रस्तावना :
जर्मनीतील बव्हेरिया राज्यात, न्यूरेंबर्गच्या पश्चिमेस काडोल्त्सबुर्ग हे लहानसे गाव वसले आहे. त्याचा अधिकृत दर्जा ‘मार्क्ट’, म्हणजेच बाजारगाव असा आहे. मध्ययुगात बाजार भरविणे हा राजाने अथवा प्रादेशिक सत्ताधीशाने बहाल केलेला विशेषाधिकार होता. तो लाभलेले स्थान खेड्याहून वरचे, परंतु शहराहून खालचे गणले जाई. जुन्या मराठी कागदपत्रांतील ‘मौजे’ व ‘कसबा’ या भेदाशी त्याचे काहीसे साम्य आहे. आज हा दर्जा प्रामुख्याने ऐतिहासिक बिरुद म्हणून टिकून आहे.

किल्ला आणि सत्ता :
वालुकाश्माच्या खडकावर उभ्या असलेल्या या किल्ल्याचे बालेकिल्ला व बाहेरचा कोट असे दोन भाग आहेत. बाजाराचा रस्ता थेट कोटाच्या दरवाजाशी येऊन मिळतो. सत्तेने पेठेला संरक्षण द्यावे आणि पेठेने सत्तेला रसद व महसूल पुरवावा, हा परस्परसंबंध या रचनेतच स्पष्ट होतो.

१३ व्या शतकात हा किल्ला त्सोलर्न घराण्यातील न्यूरेंबर्गच्या बुर्गग्राफांकडे, म्हणजे राजाच्या किल्लेदारांकडे होता. न्यूरेंबर्ग नगराशी त्यांचा वारंवार संघर्ष होत असल्याने नगराबाहेरील या बळकट ठाण्याचे महत्त्व वाढले. याच घराण्यातील सहाव्या फ्रेडरिकला १४१५ मध्ये ब्रांडेनबुर्गचे राज्य मिळाले. पुढे प्रशियाचे राजे आणि १८७१ ते १९१८ या काळातील जर्मन सम्राट याच घराण्यातून झाले. काडोल्त्सबुर्गच्या वाट्याला मात्र हे वैभव आले नाही. १५ व्या शतकाच्या मध्यास राजनिवास आन्सबाख येथे हलला आणि किल्ल्याचा उपयोग मुख्यतः प्रशासकीय कामांसाठी होऊ लागला. राजधानीचे स्थान गेल्याने गावाची वाढ मर्यादित राहिली. पण त्यामुळेच त्याची मध्ययुगीन घडणही बऱ्याच अंशी टिकली, असे म्हणता येते. १८०६ मध्ये हा प्रदेश बव्हेरियाच्या ताब्यात आला.

विध्वंस व पुनर्बांधणी :
दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, एप्रिल १९४५ मध्ये किल्ला आगीत जळाला आणि केवळ भिंती उरल्या. सुमारे साडेतीन दशके तो भग्नावस्थेत होता. १९८० च्या दशकात पुनर्बांधणी सुरू झाली, तेव्हा मूलभूत प्रश्न उभा राहिला : जे नष्ट झाले ते हुबेहूब घडवावे, की विध्वंस हाही इतिहासाचाच भाग मानावा? येथे मध्यम मार्ग स्वीकारण्यात आला. बाह्यरूप पूर्ववत करण्यात आले. अंतर्भागाची मात्र नक्कल न करता तेथे आधुनिक संग्रहालय उभारण्यात आले. ते २०१७ मध्ये खुले झाले.

समारोप :
वारसा-वास्तूचे जतन म्हणजे केवळ डागडुजी नव्हे. नवे बांधकाम जुने म्हणून दाखविले, तर वास्तूची पुरावा म्हणून असलेली विश्वसनीयता नष्ट होते. काहीच न केल्यास वास्तूच नष्ट होते. या दोन टोकांमधील विवेकाचे उदाहरण म्हणून काडोल्त्सबुर्गचा अभ्यास उपयुक्त ठरतो.