दगडावरचे ऊन

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या गाडीत बसलात, की विठ्ठलवाडी आणि उल्हासनगरनंतर अंबरनाथ येते. या गावाचे नाव घेतले, की अनेकांना एमआयडीसी आठवते. कारखाने, भोंगे आणि पाळी सुटताना होणारी कामगारांची गर्दी! पण याच गावात, स्टेशनच्या पूर्वेला, वालधुनी नदीच्या काठी एक जुने दगडी मंदिर उभे आहे. त्यातील शिलालेखात शके ९८२ असे वर्ष कोरलेले आहे. शकात ७८ मिळवा, म्हणजे इसवी सन मिळेल : १०६०. तेव्हा उत्तर कोकणात शिलाहार राजांचे राज्य होते.

या शिवमंदिराच्या बाहेरच्या भिंती म्हणजे उघड्यावरचे शिल्पांचे प्रदर्शनच आहे. खाली हत्तींची रांग, वर देवदेवता, नर्तकी, वादक. भिंत सपाट नाही. तिला जागोजागी कोन काढले आहेत. त्यामुळे एका बाजूवर ऊन पडते, तेव्हा शेजारची बाजू सावलीत असते. सूर्य सरकला, की सावलीही सरकते आणि मघाशी न दिसलेला एखादा दागिना एकदम उठून दिसतो. मंदिराचे तोंड पश्चिमेकडे आहे. म्हणून सकाळी मागची भिंत उजळते, दुपारनंतर पुढची. घाईने एकच फेरी मारली, तर निम्मे पाहायचे राहून जाते.

उर्दूत ज्याला आपण संगतराश म्हणतो, त्याला मराठीत पाथरवट म्हणतात. सह्याद्रीचा काळा दगड ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून बनला आहे. तो संगमरवरापेक्षा कठीण असतो. छिन्नीचा एक घाव चुकला आणि मूर्तीचे नाक उडाले, तर ते पुन्हा जोडता येत नाही. अशा दगडात पाथरवटांनी हारांतील मणीसुद्धा कोरले आहेत.

आज मात्र कित्येक चेहरे झिजले आहेत, काही हात तुटले आहेत. नऊशेहून अधिक पावसाळे या भिंतींनी अंगावर घेतले. भेगांत झाडे रुजतात आणि त्यांची मुळे दगड सरकवतात. धुरातील काही वायू पावसाच्या पाण्यात मिसळले, की आम्ल तयार होते. तेही दगडाला खाते. शेजारच्या वालधुनीत तर कारखान्यांचे रासायनिक पाणी आणि वस्तीचे सांडपाणी कित्येक वर्षे येत राहिले. ज्या कारखान्यांवर आपल्यापैकी अनेकांची घरे चालतात, त्यांच्याच धुराचा आणि पाण्याचा हा प्रश्न आहे, म्हणून तो सोपा नाही.

१८६८ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी येथे आले होते. त्यांनी मूर्तींचे आणि नक्षीचे साचे घेतले, चित्रे काढली. झिजणाऱ्या वस्तूची अशी नोंद फार मोलाची असते.

तुम्हीही वही आणि पेन्सिल घेऊन जा. महाशिवरात्रीला येथे मोठी जत्रा भरते. त्या दिवशी निवांत पाहता येणार नाही. मूर्तींना हात लावू नका, हाताचा घाम आणि तेल दगडात मुरते. चित्राची सुरुवात खालच्या हत्तींपासून करा. ते जमिनीपासून जवळ आहेत, आणि हत्ती काढणे त्यातल्या त्यात सोपे!